मातीच्या खाजगी बंधाऱ्याची पाहणी कशी करावी

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या, ठरावीक निकषांत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. शेतकऱ्याने स्वखर्चाने ओढ्यावर घातलेला चार-पाच मीटर उंचीचा मातीचा बंधारा त्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे त्याची पाहणी मालकानेच करायची असते.

पहिली पाहणी पाणी तळाला गेलेले असताना, मे महिन्यात करावी. माथ्याची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासावी, कारण भराव सर्वांत उंच असतो तिथे, म्हणजे बहुधा मधोमध, तो अधिक खचतो आणि पुराचे पाणी तिथूनच माथा ओलांडते. खचलेला भाग खरवडून तिथे ओलसर मातीचे पातळ थर द्यावेत व प्रत्येक थर धुमसाने चोपावा. ट्रॉलीभर मुरूम नुसता ओतून उपयोग नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण माथ्याला आडवी छेदून पाणबाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग पावसाआधी खणून भरावी. भरावावरची बाभळीची रोपे लहान असतानाच मुळासकट काढावीत, कारण मोठ्या झाडाची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट, मोकळा हवा. मासे अडवायला त्यात जाळी लावणे किंवा थोडे अधिक पाणी साठावे म्हणून वाळूची पोती रचणे, हे प्रकार सर्रास चालतात आणि बंधाऱ्याच्या मुळावर येतात.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्याची बरीच थट्टा झाली. गळतीच्या तक्रारी मात्र गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांची आणि घुशींची बिळे खणून भरावीतच, परंतु खरी नजर झिरप्यावर, म्हणजे भरावातून पाझरणाऱ्या पाण्यावर, ठेवावी.

कोरड्या बाजूच्या पायथ्याशी थोडी ओल असणे मातीच्या बंधाऱ्याला नवे नाही. झिरपा चरीत गोळा करून पाइपातून सोडावा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते तलावाच्या पातळीसह वहीत लिहावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर काहीतरी बिघडले आहे. त्याच पाण्याचा काचेचा पेला भरून अर्धा तास स्थिर ठेवावा. तळाशी गाळ बसला, तर पाण्याबरोबर भरावाची माती वाहून येत आहे आणि आतली पोकळी पायथ्याकडून पाणबाजूकडे सरकत आहे, असे समजावे. विमोचकाच्या, म्हणजे तलावातले पाणी खाली सोडण्याच्या, पाइपालगत, जिथे माती नीट चोपलेली नसते, तिथे हा धोका अधिक असतो.

अशा वेळी झिरप्याच्या तोंडावर चिकणमाती दाबू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी जाडी वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघून जाते व माती अडते. त्याच वेळी खालच्या वस्तीला, पोलीस पाटलांना आणि तहसील कार्यालयाला कळवावे व विमोचकातून किंवा सायफनने पाणी उतरवायला घ्यावे. घाईने भरावालाच चर मारू नये.