डेक आधी जमिनीवर, पाना नंतर : मोअरच्या हायड्रॉलिक्समधली माझी सुरुवात

मोअर म्हणजे गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी एक धडधाकट पंप काढून बाजूला ठेवला. तीन रीलचं यंत्र होतं, म्हणजे पात्यांचे तीन फिरते दंडगोल, पंपाने ढकललेल्या तेलाच्या जोरावर चालणारे. विरळ गवतात ठीक चालायचं, पण दाट गवत आलं की रील मंदावायच्या, कधी जागच्या जागी थांबायच्या. दम नाही म्हणजे पंप गेला, असा माझा हिशोब. नवा पंप बसवला, तेल बदललं, यंत्र पाठवून दिलं. तासाभरात परत आलं, तीच तक्रार घेऊन.

उस्ताद रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पंप काय देतो?"

"दाब."

"तेल देतो. दाब पुढच्या अडथळ्यामुळे येतो. तू तेल मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. गेजसुद्धा लावलं नव्हतं.

मोजण्याआधीचं मात्र मला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं आणि त्यात आजही सूट नाही. यंत्र सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावलेला, डेक (पाती बसवलेला कापणीचा भाग) किंवा रील पूर्ण जमिनीवर. इंजिन बंद केल्यावर सगळे लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करायचे, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. ज्या यंत्रात उचलण्याचे व्हॉल्व्ह विजेवर चालतात, तिथे इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी लागते, नाहीतर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि लाइनमध्ये दाब तसाच राहतो. मग चावी काढून खिशात. डेक वर उचलून खाली काम करायचंच असेल, तर स्टँड लावूनच. सिलिंडर धरून ठेवील या भरवशावर कुणीही डेकखाली हात घालू नये. आणि दाब उतरल्यावरही फिटिंग अर्धा आटा सैल करून क्षणभर थांबतो मी. सवय आहे.

गळती शोधताना हात लांब. गाडीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. इथे दीडशे-दोनशे बार सहज असतात. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर धार दिसतही नाही, पण ती कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून लोक पट्टी बांधून कामाला लागतात. इथेच बोट जातं. असं झालं तर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते. थेट रुग्णालयात जायचं आणि 'हायड्रॉलिक तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं. गळती बघायला लांब पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर ओला डाग उमटतो. डोळ्यांवर गॉगल.

आता मोजमाप. आमच्या टेस्टरमध्ये दाब दाखवणारं प्रेशर गेज, मिनिटाला किती तेल वाहतं ते दाखवणारा फ्लोमीटर आणि आवळून तेलाला अडथळा करणारा लोड व्हॉल्व्ह एकत्र आहेत. लाइन सोडून तो मध्ये जोडायचा, तेलाच्या वाहण्याच्या दिशेनेच, आणि इंजिन सुरू करण्याआधी लोड व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना हे बघायचं. तेल साधारण 50 अंश सेल्सिअसपर्यंत गरम होऊ द्या. थंड, जाड तेल पंपाची झीज झाकून टाकतं. चाचणीत रील फिरत असतात, तेव्हा आसपास कुणी नको.

त्या यंत्राचा पंप एका फेरीला 10 घन सेंटीमीटर तेल देणारा. 2800 आरपीएमला हिशोबाने मिनिटाला 28 लिटर. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या (सगळे व्हॉल्व्ह एकत्र बसवलेल्या ठोकळ्याच्या) पुढे टेस्टर लावला : मोकळं सोडलं तेव्हा 27. लोड व्हॉल्व्ह हळूहळू आवळला, तर 60 बारलाच फ्लोमीटरचा काटा 11 वर. मी म्हणालो, बघा, नवा पंपही खराब! उस्तादांनी टेस्टर काढून थेट पंपाच्या तोंडाशी जोडायला लावला. इथे फार जपून, कारण टेस्टर रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे दाब जास्त झाला की तेल टाकीकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, अलीकडे असतो. लोड व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर दाबाला सुटायला वाट नाही, काहीतरी फुटणारच. 140 बारला 25 लिटर आले. माझा जुना पंप परत चढवला, तर 24. म्हणजे पंप पुरेसं तेल देत होता, ते ब्लॉकमध्ये कुठेतरी टाकीकडे पळत होतं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, तर तो जिथे घट्ट मिटतो त्या सीटवर ओ-रिंगचा (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीचा) तुटका धागा बसलेला. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीतला. नखाएवढा.

तेव्हापासून फिटिंग खोलण्याआधी बाहेरून स्वच्छ पुसतो, उघड्या तोंडांना टोप्या लावतो आणि टेफ्लॉन टेप तिथे फिरकूही देत नाही. होजवर लांबीभर छापलेली रेघ असते ती सरळ दिसली पाहिजे. वळलेली दिसली तर घट्ट करताना होज पिळला गेलाय. एक पाना धरायला, दुसरा फिरवायला.

टेस्टर हाती घेण्याआधीच बघण्यासारखं बरंच असतं. तेल दुधाळ म्हणजे पाणी. फेसाळ आणि पंप कण्हतोय, तर सक्शनकडून, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूने, हवा ओढली जातेय. तिथून तेल टपकत नाही, म्हणून लवकर सापडत नाही. जळका वास आला तर आधी कूलर बघा, निम्म्या वेळा तो गवताच्या भुशाने गच्च भरलेला असतो. हायड्रोस्टॅटिक यंत्र (ज्याची चाकंही तेलाच्या दाबावर फिरतात) जागचं हलत नसेल, तर ढकलून आणण्यासाठी उघडलेला बायपास व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिलाय का ते बघा. यात मी दोनदा फसलोय.

जोडून झालं की इंजिन आधी मंद ठेवा, सिलिंडर काही वेळा वर-खाली करून हवा निघू द्या, रील खाली ठेवून तेलाची पातळी बघा. पहिली फेरी कोपऱ्यातल्या ओबडधोबड गवतावर घ्यायची. गरम तेल गळलं तर हिरवळीवर सरळ तपकिरी पट्टा उठतो, आणि तो भरून यायला कितीतरी आठवडे जातात.