नोंदणी विवाहासाठी शास्त्रीय संगीत कसे निवडावे

मांडवातल्या लग्नात संगीताच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. सकाळी सनई-चौघडा, अक्षता पडताना मंगलाष्टके, शेवटच्या 'सावधान'नंतर 'वाजवा रे वाजवा'. कोणी कोणाला काही विचारत नाही. नोंदणी विवाहात मात्र असे काहीच ठरलेले नसते. एक टेबल, फायली, वधूवर, तीन साक्षीदार आणि सह्या. आतला सगळा कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि बाहेर आल्यावर आजी हळूच विचारते, "झालं का गं लग्न?"

घरातल्या आणि मित्रमंडळींतल्या काही नोंदणी विवाहांचे संगीत मी लावले आहे. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. आजीला तो प्रश्न पडू नये, लग्न नेमके कोणत्या क्षणी लागले हे तिला बसल्या जागी कळावे, एवढे काम संगीताने केले की पुरे. निवड त्या हिशेबाने करावी.

आधी जागा आणि वेळ पक्की करा

विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावे लागते. संगीत निवडायला हे तीस दिवस भरपूर झाले.

लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावता येते. जादा शुल्क भरून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही लावता येते. घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात. संगीत मनापासून हवे असेल तर दुसरा मार्ग धरा. कचेरीत पुढची जोडपी ताटकळत असतात, शेजारच्या टेबलावर दुसरेच काम चाललेले असते आणि तिथल्या लोकांना आपल्यासाठी थांबवून ठेवणे बरे नाही. तरीही कचेरीतच करायचे असेल तर नोटीस द्यायला जाल तेव्हाच विचारून ठेवा. छोटा स्पीकर हळू आवाजात चालेल का, एवढाच प्रश्न. 'नाही' म्हणाले तर वाद घालू नका. तिथे शांतपणे सह्या करा आणि जेवणाच्या जागी मोठ्यांच्या साक्षीने एकमेकांना स्वीकारल्याचे वाक्य पुन्हा उच्चारा. पुढे सांगितलेले सगळे तिथेही लागू पडते. न्यायालय, रुग्णालय किंवा शाळा यांच्या आसपासचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. बऱ्याच नोंदणी कचेऱ्या न्यायालयाला लागूनच असतात, त्यामुळे फाटकाबाहेर सनईवाले उभे करण्याचा बेत तिथे सोडून द्यावा.

विधीचे तुकडे पाडा

एका कागदावर क्रम लिहून काढा. लोक येऊन बसतात. वधूवर आणि तिघे साक्षीदार अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करतात. मग दोघे एकमेकांना उद्देशून ते वाक्य म्हणतात. हार घातले जातात. विवाह प्रमाणपत्रावर पुन्हा सह्या होतात. पेढे, फोटो, पाया पडणे.

यातले वाक्य सर्वांत महत्त्वाचे. "मी अमुक, तुला अमुक हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो," अशा अर्थाचे ते असते आणि तीही तसेच म्हणते. दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत ते म्हणता येते, म्हणजे मराठीतही. अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर हे शब्द उच्चारले जात नाहीत तोवर कायद्याच्या दृष्टीने लग्न पूर्ण होत नाही. सप्तपदीचे शेवटचे पाऊल म्हणा किंवा अंतरपाट दूर होण्याचा क्षण म्हणा, या विधीत तो इथे आहे.

म्हणून या वाक्याच्या वेळी काहीही वाजू देऊ नका. बासरीसुद्धा नको. तमिळ लग्नात ताली म्हणजे मंगळसूत्र बांधताना नादस्वरम (सनईसारखे वाद्य) आणि तविल (ढोल) एकदम जोरात वाजवतात, कारण त्या घडीला अशुभ शब्द कोणाच्या कानी पडू नये अशी समजूत आहे. इथे नेमके उलटे आहे. इथे तो शब्दच सर्वांच्या कानी पडायला हवा. नवरीचा आवाज लहान असेल, भावनेने दाटून आला असेल. मागच्या ओळीतल्या आत्यालाही तो ऐकू जावा. फार तर तानपुरा चालू ठेवा, तोही ऐकू येतो न येतो इतपत.

आपले 'वाजवा रे' दुसऱ्याचे वाक्य संपल्यावर.

घड्याळ पाहून राग ठरवा

इथे बहुतेकांची चूक होते. लग्न म्हटले की यमन, भूप, बिहाग हे राग आठवतात. तिन्ही सुंदर आणि मंगल, पण प्रत्येक रागाची गाण्याची वेळ ठरलेली असते आणि हे तिन्ही संध्याकाळनंतरचे. नोंदणी विवाह होतो कचेरीच्या वेळात, म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान. भर दुपारी साडेबाराला यमन लावला म्हणून लग्नाला बाधा येत नाही, हे खरे. पण ज्यांचे कान तयार आहेत त्यांना ते खटकते. आणि या वेळेचे स्वतःचे इतके देखणे राग असताना उसनवारी करायची कशाला?

भूप आवडत असेल आणि लग्न साडेदहाचे असेल तर देशकार घ्या. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात गंधारावर (ग) वजन असते, देशकारात धैवतावर (ध). तेवढ्याने संध्याकाळची सकाळ होते. सकाळी अल्हैया बिलावलही चांगला. स्वच्छ, प्रसन्न, कुठलेही दडपण नसलेला.

बारानंतर सारंगाचे राज्य. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीतच, चढताना शुद्ध निषाद (नी) आणि उतरताना कोमल. त्यामुळे त्याला एक मोकळेपणा आहे. बासरीवर तो फार शोभतो. लोक येऊन बसताना, खुर्च्या सरकताना हाच लावा. शुद्ध सारंग थोडा अंतर्मुख, तो सह्यांच्या वेळी. आणि बिहागच हवा असा हट्ट असेल तर गौड सारंग ऐका. जाणकार त्याला 'दिवसाचा बिहाग' म्हणतात. त्याची वळणे घेत जाणारी चाल, दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म), मधूनच डोकावणारा लडिवाळपणा हार घालण्याच्या क्षणाला अगदी जुळतो. दुपारच्या लग्नासाठी एकच राग निवडायला सांगितला तर मी गौड सारंग निवडेन.

तीन वाजून गेले असतील तर भीमपलासी किंवा पटदीप. दोन्हींत ओढ आहे, डोळ्यांत पाणी आणणारी आर्तता आहे. घरात हळवी माणसे बरीच असतील तर भीमपलासी वाक्याच्या आधी लावावा. नंतर लावला तर हसरे फोटो मिळायचे नाहीत.

हंसध्वनीचे वेगळे आहे. तो मूळचा कर्नाटक संगीतातला. थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी तो रचला आणि आपल्याकडे तो भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांमुळे रुळला. हिंदुस्तानी पद्धतीत तो रात्री गातात, पण कर्नाटक मैफलीत गणेशवंदनेला, आरंभाला गायला जातो. त्या नात्याने वधूवरांच्या प्रवेशाला तो दिवसाही वाजवायला मला संकोच वाटत नाही.

वेळेच्या या बंधनातून सूट मिळते ती ऋतूंच्या रागांना. नोंदणी विवाहाला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे तो आषाढात, श्रावणात, भर चातुर्मासातही होतो. पावसाळ्यात मल्हाराचे प्रकार कोणत्याही प्रहरी गाता येतात. बाहेर सरी कोसळत असताना गौड मल्हार लावा. मांडवातल्या लग्नांच्या वाट्याला हे भाग्य फारसे येत नाही. फाल्गुन-चैत्रात बहार तसाच.

टाळायचे कोणते? मारवा आणि श्री सूर्यास्ताचे, मनात हुरहुर लावणारे. जोगियात वैराग्य आहे. दरबारी कानडा भव्य खरा, पण उत्तररात्रीचा आणि गंभीर. बिलासखानी तोडी तर तानसेनाच्या निधनाच्या शोकात त्याच्या मुलाने गायली, अशी आख्यायिका आहे. हे राग थोर आहेत. मी ते रात्र रात्र ऐकले आहेत. पण या दिवशी नकोत.

गायन असेल तर शब्द ऐका

ख्याल आणि ठुमरीतल्या नायिकेचा बहुतेक वेळ विरहात जातो. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलांना यमनमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात ती 'एरी आली पिया बिन' ही बंदिश घ्या. चाल उत्साही, पण अर्थ असा की प्रियाविना क्षणभरही चैन पडत नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. आपल्या गोव्याच्या केरी गावच्या गायिकेचा तो स्वर ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण त्या भैरवीत गोरीला विचारले आहे, एकटीच कुठे निघालीस? नवरीच्या प्रवेशाला हे कसे चालेल! 'बाबुल मोरा' बऱ्याच लग्नांत पाठवणीला लावतात. ती ठुमरी अवधचा नवाब वाजिद अली शाह याची मानली जाते आणि तिच्यात चार कहार (पालखीचे भोई) डोली उचलतात ती निरोपाची, माघारी न येण्याची. घरात नुकतेच कोणी गेले असेल तर ती मुळीच लावू नये.

शब्द कळत नसतील तर गाणे शिकलेल्या ओळखीच्या माणसाला एकदा विचारा. 'बना', 'बनरा' (नवरा), 'बनी' (नवरी), 'मुबारक' असे शब्द असलेल्या जुन्या बंदिशी चिक्कार आहेत आणि त्या लग्नाच्याच आहेत. हे सगळे टाळायचे असेल तर सरळ वाद्यसंगीत घ्या. पहिल्यांदाच निवडणाऱ्याला मी तेच सुचवतो.

लांबी

विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो आणि रंगायलाच दहा मिनिटे घेतो. तो लोक जमत असताना ठीक. हार घालायला लागतात जेमतेम दोन मिनिटे. इथे जुन्या ७८ गतीच्या तबकड्या कामी येतात. त्यांच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून त्या काळच्या कलाकारांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला. सुरुवातीपासूनच ऐन रंगात. ती मुद्रणे आज इंटरनेटवर सहज सापडतात. थोडी खरखर आहे, पण आजी-आजोबांना तीच ओळखीची वाटते.

सनईसाठी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या पलीकडे पाहायची गरज नाही. व्ही. जी. जोग यांच्या व्हायोलिनबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्याही काढून ऐका. मोठ्या ध्वनिमुद्रणातला सुरुवातीचा संथ आलाप सोडून द्रुत (जलद) गतीपासूनचा भाग वेगळा कापून ठेवा. एकापाठोपाठ एक दोन तुकडे वाजणार असतील तर दोन्हींचा षड्ज, म्हणजे मूळ सा, तपासा. एकाचा सा पेटीच्या काळी एकवर आणि दुसऱ्याचा पांढरी पाचवर असेल तर जोड कानाला टोचते. मध्ये पाच-सात सेकंदांची शांतता ठेवली की निभावते.

कलाकार बोलवायचे असतील तर

बंद खोलीत सनई बोलवू नका. ती उघड्यावरची, नगारखान्यातली. वीस बाय पंधराच्या खोलीत तिच्यापुढे कोणाचे बोलणे ऐकू येत नाही. हॉलच्या दाराशी, व्हरांड्यात मात्र तिच्यासारखे दुसरे काही नाही. आत बासरी, सतार, संतूर किंवा व्हायोलिन आणि सोबत तबला, एवढे पुष्कळ झाले. जवळच्या एखाद्या संगीत विद्यालयात चौकशी केली तर शिकून तयार झालेली मुले आनंदाने येतात. त्यांना ठरलेले मानधन आधी द्या, बसायला पाट किंवा चौरंग द्या, जेवणाच्या पंक्तीत मानाने बसवा. वाद्ये लावायला अर्धा तास लागतो, तोही धरा. आणि विधीचा कागद त्यांच्या हाती देऊन 'इथे थांबायचे' ही खूण लाल शाईने करा.

बटण कोणाच्या हाती

ध्वनिमुद्रण लावणार असाल तर सगळे तुकडे फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. एका लग्नात मी हे केले नव्हते. सह्या चालू असताना सारंग थांबून कसल्याशा कर्जाची जाहिरात सुरू झाली. नवरीच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

बटण साक्षीदाराकडे देऊ नका. त्याला सही करायची आहे. फोटो काढणाऱ्याकडेही नको. घरातला एखादा शांत डोक्याचा भाचा किंवा पुतणी निवडा आणि आदल्या दिवशी एक तालीम करा. अकराच्या लग्नासाठी तिच्या कागदावर मी असे लिहितो: लोक येताना अल्हैया बिलावल, बासरी, हळू. वधूवर आत येताना हंसध्वनी. पहिल्या सह्यांना देशकार, सतार. अधिकारी उभे राहिले की आवाज हळूहळू खाली, नुसता तानपुरा. पहिले वाक्य. दुसरे वाक्य. इथे घाई करायची नाही. दोघे एकमेकांकडे बघत असतील, त्यांना बघू द्यायचे. मनात तीनपर्यंत मोजायचे आणि मग सनई सोडायची, पूर्ण आवाजात.