'ब्रायन्स साँग' कसा पाहावा

'ब्रायन्स साँग' या नावाचे दोन दूरचित्रपट आहेत. त्यांपैकी आधी पाहावा तो ३० नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवरून प्रक्षेपित झालेला, बझ कुलिक यांनी दिग्दर्शित केलेला. २००१ सालचा नवा अवतार नंतर, तोही केवळ कुतूहल असल्यास. शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघातील गेल सेयर्स आणि ब्रायन पिकोलो या दोन खऱ्याखुऱ्या खेळाडूंची ही गोष्ट जेमतेम सव्वा तासाची असल्यामुळे ती एकाच बैठकीत पाहावी. चित्र जुन्या, चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीतले आहे. ते रुंद पडद्यावर ताणू देऊ नये. इंग्रजी सबटायटल्स मात्र अवश्य लावावीत, कारण पिकोलोच्या थट्टेचा वेग मोठा आहे.

अमेरिकन फुटबॉलचे नियम पाठ करण्याची गरज नाही. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते आणि रनिंग बॅक हा खेळाडू चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून धावतो, एवढे पुरते. त्याहून महत्त्वाचे हे की सेयर्स आणि पिकोलो दोघेही मुळात याच कामाचे. एकाला मैदानावर जागा मिळाली, तर दुसऱ्याने बाकावर बसायचे. सेयर्सची धाव कशी होती हे कळण्यासाठी १२ डिसेंबर १९६५ च्या सामन्याची चित्रफीत मिळाल्यास आधी पाहून घ्यावी. पदार्पणाच्याच हंगामात, चिखल झालेल्या मैदानावर त्याने त्या एका सामन्यात सहा टचडाउन केले होते, म्हणजे सहा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले होते.

पिकोलो कर्करोगाने जातो, हे आधी कळल्याने रसभंग होईल अशी भीती बाळगू नये. प्रशिक्षक जॉर्ज हॅलस (जॅक वॉर्डन) यांच्या निवेदनातून चित्रपट आरंभीच तशी जाणीव करून देतो. आपल्याकडे त्याच वर्षी आलेल्या 'आनंद'नेही शेवट आधीच सांगून टाकला होता, आणि तिथेही हसवणारा रुग्ण व अबोल मित्र अशीच जोडी होती. तेव्हा पुढे काय घडते याची वाट पाहण्यापेक्षा अबोल सेयर्स (बिली डी विल्यम्स) कोणत्या प्रसंगात किती मोकळा होतो, याकडे लक्ष ठेवावे. हॅलस एका कानाने बहिरे आहेत अशी थाप पिकोलो त्याला मारतो. बिचारा सेयर्स त्यांच्याशी बोलताना दुसऱ्या कानाच्या बाजूला जाण्यासाठी धडपडतो आणि हॅलस यांना या नवख्या पोराचे काय चालले आहे ते कळत नाही. हा प्रसंग निव्वळ विनोद म्हणून सोडून देऊ नये, कारण मैत्रीचे पहिले पाऊल तेच आहे.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते गुडघ्याच्या दुखापतीनंतरच्या भागाकडे. नोव्हेंबर १९६८ मध्ये सेयर्सचा गुडघा निकामी झाला आणि त्याची जागा पिकोलोला मिळाली. अशा वेळी तोच पिकोलो व्यायामाचे साहित्य घेऊन सेयर्सच्या घरी जातो आणि त्याच्यामागे हात धुऊन लागतो. त्याचे म्हणणे सरळ आहे: जागा मिळवायची ती धडधाकट सेयर्सला हरवून, लंगड्या सेयर्सच्या कृपेने नव्हे. माझ्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे. रुग्णालयातील दृश्ये हृदयद्रावक असली, तरी त्यांचे बळ या प्रसंगातूनच येते. याच भागात सेयर्सला चिडवून पेटवण्यासाठी पिकोलो कृष्णवर्णीयांसाठीची अत्यंत हीन शिवी उच्चारतो आणि सेयर्स हसत सुटतो. मुलांसोबत पाहत असाल तर या शब्दामागचा इतिहास त्यांना आधीच सांगावा, म्हणजे एक कृष्णवर्णीय आणि एक गौरवर्णीय खेळाडू एका खोलीत राहणे ही त्या काळी संघाने विचारपूर्वक उचललेली पायरी का होती, हेही त्यांना उमगेल.

पाहून झाल्यावर पडद्यावरील घटना वास्तवाशी ताडून पाहाव्यात. चित्रपटात हे दोघे नवखे असतानाच एका खोलीत राहू लागतात; प्रत्यक्षात ते १९६७ मध्ये घडले. मे १९७० मध्ये धैर्याबद्दलचा पुरस्कार स्वीकारताना सेयर्सने त्याचा खरा मानकरी पिकोलो असल्याचे सांगितले, हे मात्र खरे आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, १६ जून रोजी, पिकोलो वयाच्या २६ व्या वर्षी वारला. चित्रपट प्रक्षेपित झाला तेव्हा या घटनेला दीड वर्षही झाले नव्हते. त्या पहिल्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी या दोघांना खेळताना पाहिलेले होते, आणि मध्येमध्ये येणारी सामन्यांची खरी दृश्ये त्यांच्या ओळखीची होती.