पाईकसाठी हरणाच्या केसांचा मोठा स्ट्रीमर कसा बांधावा

कॅनडातल्या ऑन्टारियोत निपिगन नदीवर डॉन गेपन यांनी १९३० च्या दशकात 'मडलर मिनो' नावाची फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष) बांधली. ती ट्राउटसाठी होती, लहान होती आणि नदीच्या तळाशी राहणाऱ्या स्कल्पिन नावाच्या चपट्या, मोठ्या डोक्याच्या माशासारखी दिसायची. डोकं हरणाच्या केसांचं, कातरून आकार दिलेलं. नॉर्दर्न पाईक आणि मस्की या मोठ्या शिकारी माशांसाठी आज वीतभर लांबीचे स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या लांब फ्लाय, बांधतात, त्यांच्यातही तीच युक्ती आहे. केसांचं रुंद डोकं पाणी ढकलतं, त्यामागे भोवरे उठतात आणि शेपटीची पिसं त्यात आपोआप हलतात. पाईकला ही हालचाल डोळ्यांनी दिसतेच, शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेने (पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या इंद्रियाने) जाणवतेही. गढूळ पाण्यात म्हणूनच अशी फ्लाय चालते.

नवखी माणसं डोकं बुचासारखं घट्ट ठासतात, आणि मग फ्लाय पाण्याखाली जातच नाही. घट्ट डोकं पृष्ठभागावर तरंगणाऱ्या 'बग' प्रकारच्या फ्लायसाठी ठीक. स्ट्रीमरचे केस पाणी ढकलायला असतात, तरंगवायला नव्हे. डोकं जरा सैल ठेवा.

सामान

गळ ३/० ते ५/० मापाचा, रुंद तोंडाचा, सरळ नेढ्याचा. दोरा २०० डेनियरच्या (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) आसपासचा, जेल-स्पन पॉलिइथिलीनचा. साधा बारीक दोरा केस आवळताना तुटतो. हा तुटत नाही, पण बोट कापू शकतो, तेव्हा ओढताना बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं साधन) धरून ओढा. गळ घट्ट धरणारा वाइस, केसांची टोकं जुळवणारा मोठ्या तोंडाचा स्टॅकर, बारीक कंगवा, केस मागे दाबायचं पॅकर आणि दाढीचं दुधारी ब्लेड.

शेपटीसाठी बकटेल म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, कोंबड्याची लांब सॅडल पिसं आणि थोडी चमकी. डोक्यासाठी व्हाइटटेल हरणाच्या पोटाचे केस घ्या. ते लांब आणि जाड असतात, आत हवेचे कप्पे असल्याने पोकळही असतात. दोरा आवळला की पोकळ केस दबतो आणि दोन्ही बाजूंना उभा राहतो. सगळं तंत्र या एका गुणावर उभं आहे. बकटेलचे केस बुंध्याशी थोडे फुलतात, टोकाकडे नाही, म्हणून ते शेपटीला बरे आणि डोक्याला निरुपयोगी.

उत्तर अमेरिकेत रंगवलेल्या केसांचे तुकडे दुकानात मिळतात. भारतात मात्र सांबर, चितळ, भेकर यांच्या केसांना हात लावू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये केससुद्धा येतात, मग ते रानात पडलेले सापडले तरी. आपल्याकडे मरळीसाठी अशी फ्लाय बांधायची असेल तर डोक्याला मेंढीची धुतलेली, न कातलेली लोकर वापरा. ती फुलत कमी, पण पुंजके दाटीने बांधून कातरली तर रुंद डोकं होतं, पाणी पिते आणि लवकर बुडते. स्ट्रीमरला तेच हवं.

बांधणी

दोऱ्याचा थर फक्त दांडीच्या मागच्या निम्म्या भागात द्या. पुढची दांडी उघडी ठेवा, कारण नागड्या धातूवरच केस नीट फिरतात. मागच्या टोकाला बकटेलचा विरळ झुपका बांधा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसं लावा, खोलगट बाजू आत. वरून चमकीचे चार-पाच धागे. एकूण लांबी १५ ते २० सेंटीमीटर पुरे. झुपका दाट झाला तर फ्लाय ओली होऊन जड होते आणि फेकताना खांदा दुखतो.

आता कॉलर, म्हणजे डोक्यामागची केसांची झालर. पेन्सिलीएवढ्या जाडीचा केसांचा पुंजका कातडीलगत कापा. टोकं धरून बुंध्याकडची लव कंगव्याने पूर्ण काढा. ही पायरी लोक टाळतात आणि मग केस का फुलत नाहीत म्हणून दोऱ्याला दोष देतात. टोकं स्टॅकरमध्ये जुळवा, पुंजका शेपटीच्या पुढ्यात, टोकं मागे करून ठेवा. दोन सैल वेढे घ्या आणि मग दोरा सावकाश, सरळ खाली ओढा. केस कारंज्यासारखे उसळतात. पुंजका गोल फिरू दिला तर रंग सगळीकडे पसरतो. वर ऑलिव्ह, खाली पांढरा असं हवं असेल तर केस जागच्या जागी धरून आवळा आणि पांढरा पुंजका खालून वेगळा बांधा. तिसरा-चौथा वेढा केसांतून नागमोडी काढा, केस मागे सारा आणि पुढे एक गाठ मारा.

डोक्याचे पुंजके असेच, फक्त त्यांची टोकं आधीच कापून टाका आणि पुंजका मधोमध बांधा. प्रत्येक पुंजक्यानंतर मागून बोटाचा आधार देऊन पॅकरने हलकं दाबा, एकदाच. नेढ्यामागे तीन-चार मिलीमीटर जागा सोडा. ती भरली तर शेवटची गाठ बसत नाही आणि नेढ्यात केस अडकतात. व्हिप फिनिश ही शेवटची गाठ मारा, दोऱ्यावर थेंबभर हेड सिमेंट (गाठ पक्की करणारं लाखेसारखं द्रव) लावा.

कातरणी

आधी वाफ. चिमट्यात धरून फ्लाय किटलीच्या वाफेवर क्षणभर फिरवा. चेपलेले केस उभे राहतात आणि कातरताना फसवत नाहीत.

ब्लेड कागदी वेष्टनातच लांबीत मोडून अर्धं करा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. पहिला काप खालचा: नेढ्यापासून मागे, दांडीला समांतर, शक्य तितका जवळ, पण दोऱ्याला धक्का न लावता. गळाचं टोक आणि दांडी यांच्यामधली जागा केसांनी भरली तर मासा चावतो आणि सुटतो. मग अर्धं ब्लेड बोटांत किंचित वाकवून बाजू आणि वरचा भाग घ्या. डोकं उंचीपेक्षा रुंद ठेवा, पुढे निमुळतं. कॉलरची टोकं बोटांनी मागे धरा, ती कापली गेली तर परत येत नाहीत. उरलेले लहान खळगे वाकड्या कात्रीने.

पाण्यात

पहिल्या फेकीआधी फ्लाय पाण्याखाली धरून पिळा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग काठाशीच ओढून पाहा. ओढल्यावर ती स्वतःभोवती फिरत असेल तर एक बाजू जड आहे, तिथले केस थोडे कमी करा. सरळ येऊन थांबल्यावर हळूहळू बुडायला हवी. पाईक पुष्कळदा त्या थांब्यातच झडप घालतो.

रॉड आठ ते दहा वजनाचा (हे किलो नव्हे, फ्लाय लाईनच्या वजनाचा क्रमांक), सोबत सावकाश बुडणारी इंटरमीडिएट लाईन. पाईकचे दात साधा नायलॉन सहज कापतात, म्हणून टोकाला ३० सेंटीमीटरची लवचिक तार हवीच. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका, मासा सोडणं सोपं जातं. घरी आल्यावर फ्लाय पूर्ण वाळल्याशिवाय डबी बंद करू नका, गळ गंजतो. कोरड्या डबीतही केसांना कसर लागते, तेव्हा आत एक डांबरगोळी ठेवा. माशाने चावून चपटं केलेलं डोकं वाफेवर धरलं की बहुतेक वेळा पुन्हा फुलतं.