मशीन बिघडलं म्हणण्याआधी: बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक्समधल्या या चुका टाळा

फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणारं मशीन, बंद पडला की सगळे मशीनला दोष देतात. मी ते टेबलावर चांगल्या बॅटरीला जोडतो आणि बहुतेक वेळा ते सुरळीत चालतं. खराबी असते वायरीत, आणि ती सापडत नाही कारण मोजायची पद्धतच चुकलेली असते. प्लग काढायचा, मीटर लावायचा, १२.६ व्होल्ट दिसले की "वीज येतेय" म्हणून मोकळं व्हायचं. अहो, मीटर स्वतः जवळपास करंट ओढतच नाही. वायरीतली एक तार शाबूत असली तरी तो १२.६ दाखवणार. मोजायचं ते लोड चालू असताना, म्हणजे वायरीतून करंट ओढला जात असताना.

एका तांडेलांनी (बोटीच्या प्रमुखांनी) यापायी नवं मशीन घेतलं. जुनं मशीन इंजिन स्टार्ट करताना बंद पडायचं. नवंही पहिल्याच दिवशी तसंच पडलं, तेव्हा मला बोलावणं आलं. वायरलेस (बोलायचा रेडिओ) त्याच लाइनवर होता, म्हणून तो २५ वॅटवर ठेवून बटण दाबायला लावलं. बोलताना तो पाच-सहा अँपिअर ओढतो, चाचणीला यापेक्षा चांगला लोड नाही (फक्त चॅनेल १६ त्यासाठी अडवू नका, तो संकटात हाक मारायचा). बॅटरीवर १२.४, मशीनच्या मागे १०.३. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मशीनच्या निगेटिव्हला लावलं, आणि जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच सापडले. वायर सोलली तर आत हिरवी भुकटी. वीतभर कापली, तरी तांबं काळंच. पीळ मारून टेप गुंडाळलेल्या जोडातून खारं पाणी तारांच्या फटींनी आत चढत गेलं होतं. कथील चढवलेल्या तांब्याची वायर बॅटरीपासून नवी ओढली, टोकं क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) वर गरम करून आवळणारी नळी चढवली. जुनं मशीन परत बसवलं, ते अजून चालतंय. टेपचा जोड मला बोटीवर दिसला की मी तो विचारत न बसता कापतो.

दुसरी चूक मशीनच्या सॉफ्टवेअर अपडेटची. निघायच्या सकाळी, घाईत, कुणाचं तरी मेमरी कार्ड घालून अपडेट सुरू करायचं. एका मुलाचं अपडेट अर्ध्यावर होतं आणि खलाशाने इंजिन स्टार्ट केलं. व्होल्टेज खाली गेलं, स्क्रीन लोगोवर अडकली. मशीन नंतर उठलं, पण रिसेट करावं लागलं आणि मार्क, म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या जागा, गेले. पाण्याखालचे खडक, जाळं अडकायच्या जागा, त्याच्या वडिलांनी एकेक जाळं फाडून घेऊन जमवलेल्या. कॉपी कुठेच नव्हती. म्हणून मी आधी मार्क दोन कार्डांवर उतरवतो, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो, मॉडेल नंबर फाइलशी ताडतो, आणि अपडेट होईपर्यंत इंजिनची किल्ली खिशात ठेवतो. नंतर ट्रान्सड्युसरचा (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाचा) प्रकार आणि खोलीचा ऑफसेट (मोजलेल्या खोलीत मिळवायचा किंवा वजा करायचा फरक) तपासतो. अपडेटनंतर ते कधी कधी मूळ सेटिंगवर जातात, आणि खोली मीटरभर चुकली तर बोट खडकावर जाते. धीर नसेल त्याने जुन्याच सॉफ्टवेअरवर मासेमारी करावी, त्यात काही वाईट नाही.

बाकीचं थोडक्यात. ट्रान्सड्युसरची केबल लांब झाली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा. वेग घेतल्यावरच तळ दिसेनासा होत असेल तर ट्रान्सड्युसरखाली हवेचे बुडबुडे येताहेत. मशीनची संवेदनशीलता वाढवून काही होणार नाही, तो खाली किंवा बाजूला सरकवा. अँटेना न जोडता वायरलेसचं बटण दाबू नका. एनएमईए २००० च्या लाइनवर (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या केबलवर) यंत्रं मधूनच गायब होत असतील तर वीज बंद करून दोन डेटा वायरींमध्ये रोध मोजा: ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रोध) निघालाय.

जुना जीपीएस जागा बरोबर आणि तारीख वीसेक वर्षं मागची दाखवत असेल तर अँटेना बदलू नका. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी, म्हणजे वीसेक वर्षांनी, परत शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो तसा आला होता. त्या मॉडेलचं अपडेट मिळतं का तेवढं पाहा.