निळ्या सिसिरिंचियमची बियांपासून लागवड

इंग्रजीत ‘ब्लू-आइड ग्रास’ या नावाने ओळखले जाणारे सिसिरिंचियम अँगस्टिफोलियम हे गवत नसून केशर आणि ग्लॅडिओलस यांच्याच कुळातले, वीतभर ते दीड-दोन वीत उंचीचे रानफूल आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ओलसर कुरणांत आणि ओढ्यांच्या काठी ते आपोआप वाढते. त्यामुळे न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी अंगणातले तण काढताना हात जरा आवरता घ्यावा. शंका आल्यास दांडा चिमटीत धरून फिरवून पाहावा: तो गोल नसून चपटा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना पातळ धार जाणवते. पानेही बुंध्याशी मिटलेल्या पंख्यासारखी एकात एक बसलेली असतात. फूल मात्र सकाळच्या उन्हातच पाहावे. सहा निळसर-जांभळ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला केसासारखे बारीक अणकुचीदार टोक आणि मध्ये पिवळा ठिपका, असे ते फूल एकच दिवस टिकते.

रानातली रोपे उपटून आणू नयेत. बी गोळा करणे सोपे आहे. मे-जूनमधला बहर ओसरल्यावर मिरीच्या दाण्याएवढी गोल बोंडे धरतात. ती हिरवी असताना तोडण्याची घाई करू नये, पण तपकिरी होऊन उकलण्याआधी मात्र काढून कागदी पिशवीत ठेवावीत, म्हणजे आतले बारीक राईसारखे काळे बी वाया जात नाही. या बियांना रुजण्यापूर्वी थंडी लागते. म्हणून ते शरद ऋतूच्या अखेरीस उघड्यावरच्या कुंडीत पेरून वर नावापुरती माती भुरभुरावी, किंवा दमट वाळूत मिसळून सुमारे दोन महिने फ्रिजमध्ये ठेवावे आणि वसंतात पेरावे. कुंडीवर नावाची पट्टी लावणे मी अत्यावश्यक मानतो, कारण कोवळी रोपे हुबेहूब गवतासारखी दिसतात आणि एका वर्षी मी स्वतःच ती निगुतीने खुरपून टाकली होती.

जागा उन्हाची, ओल धरणारी पण पाणी न साचणारी असावी. खताचे लाड नकोत, आणि बुंध्याशी सालींचा जाड थर तर मुळीच नको, कारण त्याने बुंधा कुजतो. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. दोन-तीन वर्षांनी गड्डा मध्यभागी विरळ होऊ लागला की तो उकरून, प्रत्येक तुकड्याला पाने आणि मुळे दोन्ही राहतील अशा बेताने हातानेच वेगळा करावा, लगेच लावावा आणि नवी पाने फुटेपर्यंत माती सुकू देऊ नये.