जुना जी++ न काढता उबुंटूवर नवा कसा टाकावा

राजेहो, आमच्या गावात अमरावतीले इंजिनिअरिंग शिकणारं एक पोरगं हाय. सी++२० मधलं एसटीडी फॉरमॅट (मजकूर मांडायची सोय) वापरून प्रोग्राम लिहिला, तर जी++, म्हणजे सी++ च्या कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपाइलर, म्हणे 'फॉरमॅट' नावाची फाइलच नाही. पोरानं अर्धी रात्र ते फाइल शोधली, भेटन कशी, ते जीसीसी (जी++ ज्या संचात येते तो) १३ मध्ये आली ना, २०२३ साली.

आधी व्हर्जन पाहा. (कमांडा मी उच्चारानं लिहितो, टाइप इंग्रजीत करा.) जी++ डॅश डॅश व्हर्जन. उबुंटू २२.०४ असन तर ११ दाखवते, २४.०४ असन तर १३, मंग काहीच टाकायची गरज नाही.

२२.०४ वाल्यांनी सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी पीपीए:उबुंटू-टूलचेन-आर/टेस्ट मारा (यानं नव्या पॅकेजचं जादा भांडार जोडल्या जाते), मंग सुडो एपीटी अपडेट, आणि सुडो एपीटी इन्स्टॉल जी++-१३. लॅपटॉप आधी फुल चार्ज करून घ्या, आमची लाइन बरोबर इन्स्टॉल चालू असतानाच गेली अन् त्याच्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नुसती शोभेची. लाइन आल्यावर अर्धवट इन्स्टॉल पुरं करायले सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए, मंग सुडो एपीटी डॅश एफ इन्स्टॉल, गाडी रुळावर.

आता जुना जी++ काढून टाकावा वाटते, पण हात लावू नका भाऊ. जीसीसी काढला का बिल्ड-इसेन्शियलही (प्रोग्राम बनवायच्या साधनांचं पॅकेज) जाते, आणि यूएसबी वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसवर (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला का ड्रायव्हर परत बनवणारी सोय) असन तर पुढच्या कर्नल अपडेटले तो बनवायले कंपाइलरच राहत नाही, मंग बसा हॉटस्पॉटची केबल लावून. दोन्ही राहू द्या, हाक मारताना नंबर घ्या: जी++-१३ डॅश एसटीडी=सी++२० मेन.सीपीपी डॅश ओ मेन. एसटीडीवालं विसरू नका, १३ सुद्धा न सांगता सी++१७ च धरते. अपडेट-अल्टरनेटिव्ह्जनं डिफॉल्ट बदलता येते, पण मी तरी बदलत नाही.

सीमेक (प्रोग्राम बिल्ड करायचं साधन) वापरता? बिल्ड फोल्डर पुरं उडवा, त्यात जुन्या कंपाइलरचं नाव बसून राहते, मंग डॅश डी सीमेक_सीएक्सएक्स_कंपाइलर=जी++-१३ देऊन परत चालवा.

दुसऱ्या दिवशी पोराचा फोन, काका, लॅबमध्ये चालतच नाही, जीएलआयबीसीएक्सएक्स नॉट फाउंड म्हणते. तिथंही २२.०४ च, पण सी++ ची लायब्ररी जुनी. कंपाइल करताना डॅश स्टॅटिक डॅश लिबएसटीडीसी++ (सारं सलग, मधात स्पेस नाही; यानं लायब्ररी प्रोग्राममध्येच बसते) जोडून नवी फाइल पेनड्राइव्हवर ने म्हटलं.